तळहातावरचे शहर

हिऱ्याची पारख करणारा व्यापारी उत्तरेच्या खिडकीजवळ बसतो, चिमट्यात खडा धरतो आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावतो. खडा भिंगापासून जेमतेम एका इंचावर असतो. या अंतरावर एक गोष्ट घडते आणि ती त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याकडे त्याचे लक्षही जात नाही. वरचा सपाट पैलू स्वच्छ दिसत असेल तर तळाचे टोक धूसर असते. टोक स्वच्छ झाले की वरचा पैलू धुक्यात जातो. म्हणून तो खडा केसभर पुढे, केसभर मागे करीत राहतो. चार-पाच मिलिमीटर उंचीच्या त्या वस्तूतही एका वेळी एकच पातळ थर डोळ्यांच्या हाती लागतो. आतला डाग सापडतो तो या थरांतून एकेक करीत उतरल्यावरच.

सुईत दोरा ओवणाऱ्या गृहिणीचा किंवा तांदळाच्या दाण्यावर अक्षरे कोरणाऱ्या कारागिराचा अनुभव याहून निराळा नाही. वस्तू लहान असली की ती जवळ घ्यावी लागते आणि जवळ घेतली की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. लहानपणापासून सहस्रावधी वेळा हे अनुभवल्यामुळे माणसाच्या दृष्टीने याचा उलटा नियमही नकळत गाठीशी बांधून ठेवला आहे. ज्या दृश्यात मधली एक पट्टी स्पष्ट आणि तिच्या अलीकडचे व पलीकडचे सारे धूसर असेल, ते दृश्य जवळचे असले पाहिजे. आणि एवढ्या जवळ असूनही संपूर्ण शहर नजरेत मावत असेल, तर ते शहर लहान असले पाहिजे. हा निष्कर्ष मन काढत नाही. मनाला विचारण्यापूर्वीच डोळा तो काढून मोकळा होतो.

या सवयीचा हिशेब सर्वांत धीटपणे मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे ओलिव्हो बार्बिएरी हा इटालियन छायाचित्रकार. उत्तर इटलीतील कार्पी या गावी १९५४ मध्ये जन्मलेल्या बार्बिएरीने २००३ पासून हेलिकॉप्टरमधून शहरांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. रोम, तुरीन, लास वेगास, शांघाय अशी एकामागून एक शहरे त्याने वरून टिपली. त्याच्या छायाचित्रातील रोमचे कलोसियम पाहताना पहिल्या क्षणी वाटते की एखाद्या संग्रहालयातील प्लास्टरची प्रतिकृती कोणी टेबलावर मांडली आहे. भोवतालच्या मोटारी टिनच्या, झाडे रंगवलेल्या स्पंजची, माणसे टाचणीच्या डोक्याएवढी. प्रत्यक्षात त्यातील प्रत्येक वस्तू खरी आहे. मोटारी रोमच्या रहदारीतल्या आहेत आणि माणसे तिकिटासाठी रांगेत उभी असलेली आहेत. छायाचित्रात काही घातलेले नाही आणि काही काढलेलेही नाही.

मग बदलले काय? केवळ कोणती पट्टी स्पष्ट राहावी, हे.

साध्या कॅमेऱ्याचे गणित येथे पाहण्यासारखे आहे. ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग आणि एफ/४ एवढे छिद्र घेतले, तर ३० सेंटीमीटरवर ठेवलेल्या वस्तूचा सुमारे ७ मिलिमीटर जाडीचाच भाग नीट स्पष्ट येतो. तीच वस्तू १० मीटर दूर नेली की पावणेसात मीटरपासून एकोणीस मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट होते. आणि १०० मीटरवरच्या इमारतीवर कॅमेरा जुळवला, तर सुमारे १७ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत काहीही धूसर राहत नाही. म्हणजे ३०० मीटर दुरून घेतलेल्या शहराच्या छायाचित्रात धूसर पट्टे येण्यास साध्या भिंगाने वावच ठेवलेला नाही. ३० सेंटीमीटरवरच्या खेळण्यात दिसतो तेवढाच पुसटपणा ३०० मीटरवरच्या खऱ्या शहरात आणायचा, तर भिंगाचे तोंडही हजारपट मोठे हवे, म्हणजे साडेबारा मीटर रुंदीचे. चार मजली इमारतीएवढे भिंग हेलिकॉप्टरमध्ये घेऊन कोणी फिरत नाही.

त्याऐवजी छायाचित्रकार भिंग किंचित झुकवतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म (आता तिच्या जागी आलेला सेन्सर) एकमेकांना समांतर असतात, आणि म्हणून स्पष्टतेची पातळीही त्यांना समांतर, समोर उभ्या केलेल्या काचेच्या भिंतीसारखी असते. भिंग काही अंश झुकवले की ती पातळीही कलते, आणि स्पष्ट दिसणारा भाग सर्वत्र सारख्या जाडीचा न राहता पाचरीसारखा होतो. कॅमेऱ्याजवळ तिचे निमुळते टोक, दूर तिचा रुंद भाग. ही पाचर जमिनीला समांतर निजवली तर पायाजवळच्या फरशीपासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट येते. दागिन्यांच्या कॅटलॉगसाठी मखमलीवर आडव्या ठेवलेल्या हाराचा पहिला मणी आणि शेवटचा मणी सारखाच लखलखीत दिसावा म्हणून व्यावसायिक छायाचित्रकार हीच युक्ती वापरतात. आणि भिंग उलट दिशेला झुकवले, तर पाचर जमिनीला आडवी छेदून जाते. जेथे छेदते तेथे एक अरुंद पट्टी स्पष्ट उरते, बाकीचे शहर विरघळते.

हे भिंग प्रथम याच्या नेमक्या उलट कामासाठी विचारात घेतले गेले होते. थिओडोर शाइमफ्लुग हा ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी होता. जन्म १८६५, मृत्यू १९११. डोंगराळ, दुर्गम प्रदेशांचे नकाशे पायी मोजणी करून तयार करण्यात वर्षे जात. तेच काम बलूनमधून घेतलेल्या छायाचित्रांवरून करता आले तर, हा त्याचा ध्यास होता. अडचण अशी की बलून स्थिर राहत नाही. कॅमेरा तिरपा होतो, चौकोनी शेत छायाचित्रात तिरके येते आणि अशा चित्रावरून अंतर मोजणे म्हणजे वाकड्या गजाने कापड मोजण्यासारखे होते. तिरपे चित्र सरळ करण्यासाठी ते पुन्हा तिरप्याच कागदावर पाडावे लागे. पण तसे करताना अर्धे चित्र धूसर होई. शाइमफ्लुगने दाखवून दिले की मूळ चित्राची पातळी, भिंगाची पातळी आणि कागदाची पातळी या तिन्ही वाढवल्यावर एकाच रेषेत मिळत असतील, तर संपूर्ण चित्र एका वेळी स्पष्ट येते. १९०४ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यात ज्यूल कार्पांतिए या फ्रेंच यंत्रकाराच्या आधीच्या, १९०१ मधील पेटंटाचे ऋणही मान्य केले. नियमाला मात्र शाइमफ्लुगचेच नाव चिकटले. एका मध्यवर्ती भिंगाभोवती सात तिरकी भिंगे बसवलेला त्याचा कॅमेरा आकाशातून जमिनीचा हिशेब चोख उतरवण्यासाठी होता. हा मनुष्य आयुष्यभर धूसरपणाशी झगडला; त्याच्याच नियमाच्या आधाराने शंभर वर्षांनी हेलिकॉप्टरमधला बार्बिएरी शहर धूसर करीत होता.

मधल्या काळात हे तंत्र मोठ्या कॅमेऱ्यांच्या आश्रयाने राहिले. काळ्या कापडाखाली डोके घालून छायाचित्र घेणाऱ्या जुन्या छायाचित्रकाराच्या लाकडी कॅमेऱ्यास भाता असे आणि पुढची फळी झुकवता-सरकवता येई. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांनी ही सोय घालवली. कॅननने १९७३ मध्ये ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी झुकणारे आणि सरकणारे असे दोन्ही गुण असलेले भिंग बाजारात आणले. त्यातील सरकण्याचा उपयोग वास्तुशास्त्राच्या छायाचित्रणात होतो. उंच मंदिराचे शिखर टिपताना दोन्ही बाजू वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसू नयेत म्हणून भिंग वर सरकवतात. शहर लहान दिसण्याशी या सरकण्याचा काहीही संबंध नाही. तरीही ‘टिल्ट-शिफ्ट’ हे जोडनाव या चमत्काराला कायमचे चिकटले आहे. व्यवहारात अशी नावे पुष्कळ असतात. दुकान नातवाचे झाले तरी पाटीवर आजोबांचेच नाव राहते.

जपानमध्ये नाओकी होंजो याने बार्बिएरीच्याच सुमारास पण स्वतंत्रपणे या वाटेने काम केले. १९७८ मध्ये टोकियोत जन्मलेल्या होंजोने चार इंच गुणिले पाच इंचांची फिल्म घेणारा भात्याचा मोठा कॅमेरा उंच जागी नेऊन टोकियोचे रस्ते, क्रीडांगणे, पोहण्याचे तलाव टिपले. ‘स्मॉल प्लॅनेट’ हा त्याचा संग्रह २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. जपानमधील छायाचित्रणाचा हा फार मानाचा पुरस्कार समजला जातो. होंजोची छायाचित्रे बार्बिएरीपेक्षा सौम्य आहेत. त्यांत शहराविषयीचे लाड आहेत. बार्बिएरीच्या छायाचित्रांत ते फारसे नाहीत. न्यूयॉर्कवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जग आपल्याला काहीसे धूसर झाल्यासारखे वाटू लागले, जे अशक्य समजले जाई ते घडून गेले होते, म्हणून शहराकडे नव्याने पाहण्याची इच्छा झाली, अशा आशयाचे त्याने सांगितले आहे. ज्या दोन मनोऱ्यांकडे सारे जग अढळ म्हणून पाहत होते ते काही तासांत नाहीसे झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या छायाचित्रांतील इमारती कोणीही बोटाने आडव्या पाडाव्यात अशा का दिसतात, याचा काही उलगडा होतो.

डोळ्याची ही फसगत प्रयोगशाळेतही तपासली गेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रॉबर्ट हेल्ड, एमिली कूपर, जेम्स ओब्रायन आणि मार्टिन बँक्स या चौघांनी २०१० मध्ये या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. शहराची तीच दृश्ये वेगवेगळ्या प्रकारे धूसर करून त्यांनी लोकांना अंतराचा अंदाज विचारला. दृश्यातील खोलीप्रमाणे धूसरपणा वाढत गेला, तर पाहणारा दृश्य जवळचे आणि लहान समजतो, असे आढळले. त्याहून मनोरंजक गोष्ट अशी की धूसरपणा तंतोतंत बरोबर असण्याचीही गरज नसते. चित्राच्या वरच्या आणि खालच्या बाजूस सरसकट वाढत जाणारा पुसटपणा दिला, तरी वरून घेतलेल्या दृश्यात तो जवळजवळ तेवढाच परिणाम करतो. कारण अशा दृश्यात वरची कडा दूरची आणि खालची कडा जवळची असतेच. मात्र धूसरपणाची दिशा आणि खोलीची दिशा जुळली नाही, तर जादू ओसरते. मोबाइलमधील ॲपला भिंग झुकवता येत नाही. ते फक्त वर-खाली पुसट पट्टे ओढते आणि तरी काम भागते, याचे कारण हेच.

खोटा माल ओळखण्याची सवय असलेल्या नजरेला येथे एक खूण सांगता येईल. छायाचित्रात उंच मनोरा असेल तर त्याचा पाया आणि त्याचे टोक पाहावे. मनोरा उभा आहे, म्हणून पाया आणि टोक कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. खऱ्या प्रतिकृतीच्या छायाचित्रात दोन्ही साधारण सारखे स्पष्ट यावेत. पाया लख्ख आणि टोक मात्र पाठीमागच्या दूरच्या वस्तीबरोबर धुक्यात गेलेले दिसले, तर तेथे एक तर भिंग झुकले आहे किंवा संगणकाने पट्टा ओढला आहे. चाणाक्ष छायाचित्रकार म्हणूनच उंच इमारती टाळतो. रेल्वेचे रूळ, गोदी, भाजीबाजार, क्रिकेटचे मैदान अशा पसरट जागा तो निवडतो.

पसरट जागा, आणि ती वरून. हेही महत्त्वाचे आहे, कारण प्रतिकृती माणूस नेहमी वरूनच पाहतो. अजमेरच्या सोनीजींच्या नसियांमध्ये अयोध्येची सुवर्णनगरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वरच्या मजल्यावरून काचेतून खाली पाहिल्याचे स्मरत असेल. तेथे कारागिरांची सारी खटपट लहानाला विराट भासवण्याची आहे. चित्रपटांत लहान जहाज किंवा किल्ला बांधून तो खरा भासवणाऱ्यांचीही तीच. ते प्रतिकृतीवर भरपूर प्रकाश टाकून भिंगाचे छिद्र बारीक ठेवतात, म्हणजे काहीही धूसर होत नाही. शिवाय ते चित्रीकरणाचा वेग वाढवतात. लहान वस्तू चटकन पडते, लहान लाट चटकन फुटते. ती जड वाटावी तर तिला पडद्यावर संथ करावे लागते. पंचविसाव्या हिश्शाएवढी प्रतिकृती असेल, तर पंचविसाचे वर्गमूळ पाच, म्हणून सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रे, असा त्यांचा हिशेब असतो.

ऑस्ट्रेलियाच्या कीथ लूटिट याने हा हिशेब उलटा केला. सिडनीच्या किनाऱ्यावर थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचे, भिंग झुकलेले ठेवायचे आणि मग ती चित्रे सलग वेगाने दाखवायची. त्याच्या ‘बाथटब’ या नावाच्या चित्रफितींत सिडनीचे बंदर खरोखरच न्हाणीघरातील टबासारखे दिसते. बोटी टुणटुण उड्या मारतात, पोहणारे लोक चावी दिलेल्या बाहुल्यांसारखे हलतात. २०१० मध्ये ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटातील हेन्ली येथील वल्ह्यांच्या शर्यतीच्या प्रसंगातही असाच अरुंद स्पष्ट पट्टा वापरला आहे. धनिक घरच्या तरुणांच्या पराभवाचा तो प्रसंग आहे, आणि त्या क्षणी त्यांची सारी प्रतिष्ठा खेळण्यातली दिसते.

या छायाचित्रांची मौज पहिल्या पाच-दहा चित्रांपर्यंत निर्भेळ टिकते. त्यानंतर कुठेतरी किंचित बोचू लागते. घर घेण्यासाठी बिल्डरच्या कार्यालयात गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने काचेखाली मांडलेले संकुलाचे मॉडेल पाहिलेले असते. हिरव्या स्पंजची बाग, निळ्या प्लास्टिकचा तलाव, खिडक्यांतून मिणमिणते दिवे आणि वाटेवर अर्ध्या सेंटीमीटरची पांढरी माणसे. त्या मॉडेलमध्ये पाण्याचा टँकर कधी नसतो, आणि त्या जागी पूर्वी कोण राहत होते तेही नसते. मॉडेलवर वाकून बोट दाखवणारा मनुष्य सहज म्हणतो, हे येथून हलवू, ते तेथे नेऊ. नगररचनेची कितीतरी टेबले अशीच असतात. मॉडेलमधील माणसांना नावे नसल्यामुळे ती हलवणे सोपे जाते.

बार्बिएरीची छायाचित्रे हीच नजर खऱ्या माणसांवर आणतात. त्यांतील पांढरा ठिपका अर्ध्या सेंटीमीटरचे प्लास्टिक नाही. ती सकाळी कामावर निघालेली कोणी स्त्री आहे, तिच्या पिशवीत डबा असेल. छायाचित्र हे लपवत नाही. डोळाच ते मानायला तयार होत नाही. हे शहर खरे आहे असे खाली छापलेले वाचूनही, पुन्हा वर पाहिले की पुन्हा खेळणेच दिसते. वस्तू लहान असल्याची डोळ्याची खात्री आणि ती खरी असल्याचे मनाचे ज्ञान या दोहोंत तडजोड होत नाही.

यावर करून पाहण्याजोगा एक साधा प्रयोग आहे. असे एखादे छायाचित्र घ्यावे किंवा दहाव्या-बाराव्या मजल्याच्या गच्चीवरून खालच्या रस्त्याचे छायाचित्र घेऊन मोबाइलमधील ॲपने ते तसे करून घ्यावे. मग वहीचे दोन कोरे कागद घेऊन एकाने वरचा धूसर पट्टा झाकावा, दुसऱ्याने खालचा. मध्ये फक्त स्पष्ट पट्टी उरेल. तिच्याकडे थोडा वेळ पाहिले की बाहुल्या पुसट होत जातात. कोणी हातगाडी ढकलीत असतो, कोणी मुलाचे बोट धरून रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेले असते, आणि त्यांच्या सावल्या दुपारच्या, आखूड असतात.